बेर्तियोंचं दार

मुलाखतीला आलेल्या पाहुणीला जिन्यापाशीच भेटावं म्हणून रहस्यकथाकार ओदिलों बेर्तियो सपाता घालून बाहेर आले आणि मागे वाऱ्यानं दार धाडकन लागलं. फ्रान्समधल्या या लियाँ शहरात दारांची बाहेरची मूठ नुसती शोभेची. एकदा दार आपटलं की किल्लीच हवी. किल्ली आत होती.

"मग काय बिघडलं?" माएलिस नावाची ती पत्रकार म्हणाली. "तुमचा इन्स्पेक्टर असलं दार फटीत एक्स-रेची फिल्म सरकवून अर्ध्या मिनिटात उघडतो. आणि पुस्तकातली प्रत्येक युक्ती तुम्ही आधी स्वतः करून बघता ना?"

हे वाक्य बेर्तियो वीस वर्षं प्रत्येक मुलाखतीत ठोकून देत होते. त्यांच्या रहस्यकथा लाखांनी खपत, त्या याच भरवशावर. प्रत्यक्षात वाइनच्या बाटलीचं बूचसुद्धा त्यांची बायको काढून देई, आणि ती नेमकी बहिणीकडे गेली होती.

"आता एक्स-रे कुठनं आणायचा?" ते सुटका झाल्यासारखे म्हणाले.

समोरचं दार उघडलं. मादाम कोलोंब आतून कान लावूनच उभ्या होत्या. "माझा गुडघा घ्या की."

कपाटावर जपून ठेवलेला गुडघा आला. तो वाकला, मुडपला, पण दार ढिम्म. तोवर बातमी वर पोचली आणि वरच्या मजल्यावरचे पेर्रां आपलं फुप्फुस घेऊन खाली उतरले.

"बाईंच्या गुडघ्यात पहिल्यापासनंच दम नाही," ते म्हणाले. "ही फिल्म बघा, कशी जाड आहे."

"आणि जिना चढताना धापा कोण टाकतं हो?" कोलोंबबाईंनी विचारलं.

फुप्फुस फटीत अर्धं गेलं आणि अडकलं. माएलिसची पेन्सिल भराभरा चालू होती. वीस वर्षांचं नाव आज या जिन्यात धुळीला मिळणार, या विचारानं बेर्तियो फिल्म आणखीच जोरात रेटू लागले.

"पुस्तकात इतका वेळ लागत नाही," माएलिस म्हणाली.

"पुस्तकात शेजारी नसतात."

अखेर पेर्रांनीच चावीवाल्याला फोन केला. चावीवाला आला, त्यानं अडकलेली फिल्म पाहिली, मग बेर्तियोंचा चेहरा पाहिला. पुस्तकांच्या मागे छापलेला तो चेहरा त्यानं लगेच ओळखला.

"युक्ती अगदी बरोबर आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "लाकूड फुगलंय, एवढंच. जरा मागे सरा."

सगळ्यांकडे पाठ करून त्यानं काहीतरी खटपट केली. त्याच फिल्मनं दार उघडलं. माएलिसनं समाधानानं मान डोलावली आणि दिवाणखान्यात जाऊन बसली.

बेर्तियोंनी चावीवाल्याला स्वयंपाकघरात ओढलं. "लाज राखलीत बाबा. माझं चुकलं कुठे?"

"फिल्म सरकवताना दाराला गुडघ्यानं धक्के द्यावे लागतात. ते तुमच्या एकाही पुस्तकात नाही."

"नव्या आवृत्तीत नक्की घालतो."

चावीवाल्याचा चेहरा उतरला. त्यानं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"तेवढं करू नका, साहेब. तुमची पुस्तकं वाचून निम्मं लियाँ दारात फिल्म अडकवून बसतं आणि मग मला बोलावतं. माझी दोन पोरं शिकतायत अजून. आणि जमलंच, तर पुढच्या पुस्तकात इन्स्पेक्टरला एखादी मोटारही उघडू द्या."