देवाला सोपे प्रश्न

विश्राम मास्तर देवाला सगळ्यात आधी स्वतःचे नाव विचारतो.

मी देवळातला गुरव. देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि पाकळी पडायची वाट बघायची, हे माझे काम. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माझा बाप हेच करी, त्याचा बापही हेच करी. लोक विचारतात, चेडवाचे, म्हणजे पोरीचे, लग्न ठरवू का, विहीर इथे खणू का. हा पुढे येऊन बसतो आणि म्हणतो, "काका, इचारा, माझा नाव विश्राम काय?"

"तुझा नाव तुका ठावक नाय?"

"माका ठावक आसा. म्हणानच इचारतंय."

पाकळी उजवी पडली. त्याने वहीत खूण केली. मला वाटले, सुटलो. तर म्हणतो, "आता इचारा, माझा नाव पुंडलिक काय?"

मागे आजारी म्हशीसाठी कौल घ्यायला आलेली म्हातारी तिष्ठत होती. ती ओरडली, "मास्तरा, देवाक काय शाळेत घातलंस?"

मी तिसरीपर्यंत शिकलो, पण देवाची थट्टा कोणती ते मला कळते. मी पाकळी लावणार नाही म्हणून सांगितले. तेव्हा हा मलाच शिकवतो, "काका, सदीच व्हय म्हणणारो आजय व्हय म्हणालो, तर त्यातसून काय कळला? नाय म्हणूक येता काय, ताय बघूक व्हया." लावली. डावी पडली. देवाला माझ्यापेक्षा सोशिकपणा जास्त, एवढेच मी म्हणेन.

हे सगळे कशासाठी ते गावाला ठाऊक होते. त्याची बायको सुलभा चतुर्थी झाल्यावर हळर्णला माहेरी गेली ती परतलीच नाही. भांडण नाही, तंटा नाही. पण हा घरातही असाच. आमटीतले मीठ वेगळे चाखणार, आमसुलाची सोले वेगळी चाखणार, खोबरे वेगळे चाखणार, आणि मग म्हणणार, "आता सगळा मिळून बघूया." आठ वर्षे तिने सोसले. शेवटी म्हणाली, "एक दिस तरी तपासल्याबगर जेवा," आणि पिशवी भरून गेली. ती परत येईल का, हे त्याला देवाला विचारायचे होते. दर सोमवारी यायचा. नाव विचारायचा, वार विचारायचा, मुद्द्याचे तेवढे विचारायचे राहू द्यायचा आणि नमस्कार करून जायचा. चार महिने हेच.

एकदा पेडण्याला बाजाराला गेलो तेव्हा म्हटले, ह्याला ह्याच्याच जागेत जाऊन दोन शब्द सुनवावे. गोवा राज्य झाल्यावर काही वर्षांनी ह्याने तिथे शिंप्याच्या दुकानावर कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. वर गेलो तर दोन मशिने आणि सहा पोरे. महिन्याचा आकडा घातला की दिवस किती ते मशिनाने सांगायचे, असे काहीतरी चालले होते. मी बोटांच्या पेरांवर सांगितले असते.

"आधी प्रश्न लिवा नि उत्तर लिवा," हा सांगत होता. "एक घातलो तर एकतीस. चार घातलो तर तीस. मशिनाक काम सांगणारो तुकडो मागीर."

एक चेडू म्हणाले, "सर, तुकडोच नाय तर मशीन चूकच म्हणतला."

"म्हणूंदी! आधी चूक म्हणता ता डोळ्यांनी बघ. मगे तुकडो लिव."

मग एक बटण दाबले की मशीन ते सगळे प्रश्न आपणच विचारी आणि प्रत्येकापुढे बरोबर की चूक ते लिही. चेडवाने कुठलीशी एक ओळ बदलली, बटण दाबले, आणि एकट्या फेब्रुवारीपुढे चूक आले. कुठे बिघडले ते शोधायला तिला क्षणही लागला नाही. "बगलंस? माणसाक कंटाळो येता, मशिनाक येना," हा म्हणाला. "एक तुकडो, एक तपासणी. आता तेरा घाल. असो म्हयनोच नाय, असा त्याणा सांगूक व्हया."

"नाय कसो?" मी दारातून म्हटले. "अधिक म्हयनो येता तेव्हा तेराच होतत. तुझ्या मशिनाक पंचांग कोणी शिकयला?"

पोरे हसली. हा हसला नाही. म्हणाला, "काका, तुमी हंय रोज येवा. असलेच प्रश्न व्हये." अशा माणसाला सुनवायचे तरी कसे? चहा पिऊन परत आलो.

पुढच्या सोमवारी तो बसला मात्र, त्याने तोंड उघडायच्या आत मी पाकळी लावली आणि मोठ्याने गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ह्या विश्रामाची बायल हळर्णसून परत येवची आसात तर उजवी दी, नाय तर डावी दी!"

त्याने माझे मनगट धरले. "काढा, काका."

"कित्याक?"

"डावी पडली तर?"

"तर नाय येवची."

"मगे सोमवारी मी खंय येव?"

पाकळी सुकत चालली होती, एका कडेने सुटली होती. लावलेली पाकळी देवाने सोडायच्या आत मी जन्मात काढली नव्हती. ती काढली. आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल असा त्याच्यावर ओरडलो, "ऊठ! हळर्णाची बस धर! तिका तोंड आसा, तिका इचार!"

तो गेला. मला दिवसभर जेवण गेले नाही. संध्याकाळी माझ्या पायरीपाशी येऊन उभा राहिला.

"काय म्हणाली?"

"मी इचारूकच नाय. तिनाच माका इचारला."

"काय?"

"जेवलात?"

"मगे? तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? सकाळधरून पोटात काय नाय होता, काका. पण तितकाय तोंडातसून भायर येयना."

"मगे?"

तो पायरीवर बसला. "मगे ती उठान वाढूक लागली."