साडेपाच तासांची भरती

कोणतीही चूक दुरुस्त होण्याआधी ती चूक आहे हे ठरावे लागते, आणि ते ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याला ती कधीच भोगावी लागत नाही. या एका तत्त्वावर मी चौतीस वर्षे अलिबागला एका कार्यालयात आवक-जावक सांभाळली. (कार्यालयाचे नाव सांगत नाही, पेन्शन अजून चालू आहे.) निवृत्त झालो तेव्हा वाटले, इतके शिस्तीचे काम आता पुन्हा दिसणे नाही. मग शेजारच्या ठमीवहिनीच्या मिठागराची उघाडी बिघडली आणि माझा समज साफ खोटा ठरला.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातले दार. भरतीला ते उघडायचे, पाणी आत घ्यायचे, ओहोटी लागायच्या आत बंद करायचे. आत घेतलेले पाणी महिनाभर उन्हात मुरते आणि त्याचे मीठ होते. वहिनीचे सासरे हे काम लोखंडी चाक फिरवून करीत. दोन वर्षांपूर्वी एका योजनेत ते चाक गेले आणि मोटार आली, तिला जोडलेला डब्याएवढा संगणक आला. (चाक भंगारात जमा केल्याची पोच माझ्याकडे आहे.) त्या संगणकावर ‘शिंपला लिनक्स’ नावाची प्रणाली चालते. ती फुकट असते. जगभरची हौशी माणसे ती मिळून सांभाळतात आणि तिच्यातले एकेक काम करणारे एकेक पॅकेज असते. भरतीच्या वेळा काढणाऱ्या पॅकेजचे नाव ‘लाट’.

माघ महिन्यात ‘लाट’ची नवी आवृत्ती आपोआप आली आणि त्या दिवसापासून ती भरतीची वेळ लंडनच्या घड्याळाने सांगू लागली. लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. भरती आणि ओहोटीत अंतर सहा तासांचे. म्हणजे उघाडी ऐन ओहोटीला उघडायची आणि आत मुरत असलेले पाणी खाडीला साभार परत जायचे.

हे पहिल्यांदा वहिनीच्या लक्षात आले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आमच्याकडे पोराला चालायला शिकवायच्या आधी शिकवतात.

“आज चवथ,” ती बांधावर उभी राहून म्हणाली. “चाराचा पाऊनपट तीन. तीन वाजता भरती. ह्यो डबा साडेनव बोलतंय. भावजी, ह्याच्या घरान पंचांग न्हाय काय?”

तिचा मुलगा धनेश उरणला कंटेनर यार्डात संगणकावर काम करतो. त्याने रविवारी येऊन दहा मिनिटांत चूक शोधली आणि अकराव्या मिनिटाला सुधारली. एका ओळीचे काम होते. सोमवारी सकाळी संगणकाने आपोआप नूतनीकरण केले आणि मूळ चूक इमानेइतबारे जागेवर आणून ठेवली. (नूतनीकरण बंद केल्यास मोटार चालत नाही, योजनेची अट क्रमांक नऊ.) म्हणजे दुरुस्ती व्हायची तर ती वरूनच व्हायला हवी होती. आणि मीठ पिकते ते पावसाच्या आधीच्या चार महिन्यांत. वहिनीचे वर्षाचे पोट त्या चार महिन्यांवर असते.

“काका, रिपोर्ट टाकावा लागेल,” धनेश म्हणाला. “फॉर्म मोठा आहे.”

फॉर्म मोठा आहे हे ऐकून मला जे वाटले त्याला आनंद हाच शब्द आहे. मी चष्मा पुसला आणि पत्त्याच्या रकान्यात माझा ई-मेल घातला. ‘अपेक्षित वर्तन’ या रकान्यात काय लिहू, असे वहिनीला विचारले. ती म्हणाली, “पानी आत यावा.” ‘प्रत्यक्ष वर्तन’? “पानी भायेर गेला.” इतका नेमका अर्ज मी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता.

यापुढची कार्यवाही मी नोंदवहीतून देतो, कारण स्मरणावर विसंबणे हे मी शिपायांनाही करू दिले नाही.

चौथ्या सेकंदाला आभार आले. यंत्राकडून. आमच्या कार्यालयात आभाराला तीन आठवडे लागत आणि त्यावरही सही राहून जाई.

सहाव्या दिवशी कळवण्यात आले की ही तक्रार जुन्या एका तक्रारीची पुनरावृत्ती असल्याने बंद करण्यात येत आहे. जुनी तक्रार उघडली तर तीही बंद. कारण ती आमच्या तक्रारीची पुनरावृत्ती होती. मी दोन्ही पानांना मनोमन नमस्कार केला. आमच्याकडे फाइल दोन टेबलांमध्ये फिरवायला दोन माणसे लागत. इथे फाइल स्वतःच फिरत होती.

धनेशने ती पुन्हा उघडून घेतली. दहाव्या दिवशी ऑस्ट्रियातल्या एका गृहस्थाने लिहिले, ‘माझ्याकडे असे होत नाही.’ नकाशा पाहिला. ऑस्ट्रियाला समुद्र नाही. गृहस्थ शंभर टक्के खरे बोलत होता.

चौदाव्या दिवशी सांगण्यात आले की हा प्रश्न पॅकेज वाटणाऱ्यांचा नसून ते मुळात लिहिणाऱ्याचा आहे. मुळात लिहिणाऱ्याने पाच वर्षांत कोणालाही उत्तर दिलेले नाही. (त्याची प्रकृती उत्तम असावी. दर रविवारी तो सायकलवरचा फोटो टाकतो.)

मग धनेशने आपली सुधारलेली ओळ सोबत जोडली. तिच्यावर एकतीस अभिप्राय आले. त्यांपैकी बावीस त्या ओळीच्या आधी दोन जागा सोडाव्यात की चार, याविषयी होते. सहा अभिप्राय, या विषयावर अभिप्राय कमी यावेत असे सांगणारे होते. दोन आभाराचे. उरलेल्या एकात विचारले होते की भरती म्हणजे काय.

त्यानंतर आवृत्ती गोठवण्याचा काळ लागला. नवी आवृत्ती निघण्याआधी काही आठवडे कोणी कशाला हात लावायचा नाही, असा नियम आहे. धनेश चिडला, पण वहिनीला हा एकच नियम पटला. “मीठ धरायला लागला का आमीपन कोनाला पाय ठेवू देत न्हाय,” ती म्हणाली. मग मिठाच्या वाफ्यांकडे वळली. वाफ्यात धरायला काही नव्हते. तिच्याकडे मला पाहवेना, म्हणून मी नोंदवहीकडे पाहिले.

तोडगा शेवटी तिनेच काढला. “ता डबा साडेपाच तास आधीच बोलतंय ना? मंग त्याचा घड्याल तेवरा मागं करा.”

धनेशने लगेच संगणकाचे घड्याळ साडेपाच तास मागे केले. दुसऱ्या दिवशी ऐन भरतीला उघाडी उघडली, पाणी आत आले आणि वहिनीचे मिठागर लंडनच्या वेळेवर ठणठणीत चालू लागले. चैत्रात पहिली रास पडली. त्यातले मूठभर मीठ तिने मला कागदात बांधून दिले.

इथे शहाण्या माणसाने थांबायला हवे होते. पण काम भागले असले तरी अर्ज प्रलंबित होता, आणि प्रलंबित अर्ज वाऱ्यावर सोडणे माझ्या रक्तात नाही. मी दिवसाआड एक स्मरणपत्र पाठवू लागलो. अकराव्या स्मरणपत्राला नाशिकहून राही नावाच्या बाईंचे उत्तर आले. त्या एका कॉलेजात शिकवतात, मधल्या सुट्टीत डबा खाता खाता ‘लाट’सह एकसष्ट पॅकेजे सांभाळतात आणि त्याबद्दल त्यांना कोणी दमडी देत नाही. त्यांनी उशिराबद्दल मनापासून क्षमा मागितली आणि धनेशची ओळ स्वीकारली. जागा चार सोडल्या. दुरुस्ती कोणत्या तारखेला सगळीकडे पोचेल तेही कळवले.

तो ई-मेल मी रीतसर आवक नोंदवहीत चढवला, क्रमांक घातला, ‘पाहिले’ असा शेरा मारला आणि फाइलबंद केला. कोणाला सांगितले नाही. आवक-जावकच्या माणसाने मजकुरात लक्ष घालायचे नसते.

दुरुस्ती अक्षय्य तृतीयेला पोचली. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन. सुधारलेल्या ‘लाट’ने अचूक सव्वादोन सांगितले. पण डब्याच्या साडेपाच तास मागे केलेल्या घड्याळात सव्वादोन वाजले तेव्हा बाहेर पावणेआठ झाले होते, खाडी तळाला गेली होती, आणि उघाडी मोठ्या डौलाने उघडली. महिनाभर मुरवलेले पाणी अर्ध्या तासात निघून गेले.

वहिनी रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते. मला लाज वाटली आणि ती अजून वाटते.

“भावजी,” ती म्हणाली, “सरल करायला तुमीच सांगलाव. आता परत वाकरा करायला सांगा.”

घड्याळ परत पुढे करू, असे धनेश म्हणाला. त्यावर तिने विचारले की परत कोणी न सांगता सरळ-वाकडे केले तर. मी नवा अर्ज लिहिला. विषय : चूक पूर्ववत करून मिळणेबाबत.

पहिल्या अर्जाला तीन महिन्यांत तिघांनी ‘मलाही हा त्रास आहे’ म्हटले होते. त्यात मी, धनेश आणि चुकून पुन्हा धनेश. या अर्जाला दोन दिवसांत चारशे बारा जणांनी पाठिंबा दिला. कच्छपासून ओडिशापर्यंत जेट्ट्या, कोळंबीची तळी, मिठागरे. सगळ्यांनी कधीच आपापली घड्याळे साडेपाच तास मागे केली होती आणि कोणीही कोणाला कळवले नव्हते. एकोणीस तासांत चूक परत बसवण्यात आली. आता ती चूक राहिलेली नाही. माहितीपुस्तिकेत तिची ‘सुविधा’ म्हणून नोंद आहे आणि तिला कोणी हात लावू नये अशी ठळक अक्षरांत सूचना आहे. वहिनीला त्या वर्षी निम्मे मीठ झाले.

आपल्याला हसू येत असेल तर जरा मान वर करून आपल्या भिंतीवरचे घड्याळ पाहावे. ते दहा मिनिटे पुढे आहे. ते कोणी पुढे केले आठवत नाही, पण पुढे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असल्याने सगळे मनातल्या मनात दहा मिनिटे वजा करून निघतात आणि एसटी कशीबशी मिळते. उद्या एखादा भला पाहुणा आपण आत चहा करत असताना स्टुलावर चढून ते बरोबर लावील. परवा घरातल्या सगळ्यांची एसटी चुकेल. तेव्हा आपण शिव्या कोणाला देणार आहोत, ते मला आजच लेखी कळवावे. आवक क्रमांक घालून ठेवतो.