सरलष्करांनी बेलभंडार माघारी दिला त्याची बखर

श्रीगजाननास वंदन करोन, शारदेस हात जोडोन, आणि ही बखर वाचतेसमयी जे कोणी धनी तख्तावर असतील त्यांस त्रिवार मुजरा करोन (नाव मागाहून घालावे म्हणोन येथे जागा कोरी सोडिली आहे) हकीकत लिहितो ती ऐशी. साहेबी आज्ञा केली की, सरलष्कर सुभानजीराव यांचे काय जाहले ते खरे लिहोन हुजूर ठेवावे. खरे लिहिण्याची आज्ञा या राज्यात क्वचित होते, आणि जाहली तरी लवकर माघारी घेतली जाते, सबब बैठक न मोडता लिहोन काढितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेही मध्यंतरी बदलले आणि मागती बदलण्याचे घाटते.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सर, आश्विन मास. ते समयी तख्तावर श्रीमंत सर्वाध्यक्षसाहेब विराजमान होते. श्रीमंत पूर्वी आपणच सरलष्कर होते, आणि आपले धन्यास कोठडीत घालोन तख्तावर बसले होते, आणि त्या धन्यानेही आपले धन्यास तैसेच केले होते. या राज्यात तख्त उलथावयाची एक रीतच पडोन गेली होती. आधी पूल धरावा, मग चित्रवाणीचा महाल धरावा, मग वाडा धरावा, आणि मग शहरात दवंडी द्यावी की, प्रजेचे कल्याणाकरिता हे करणे प्राप्त जाहले. रयत इतकी सरावली होती की, पुलाकडे रणगाडे निघाले ऐकताच बायका मीठ आणि काड्यापेट्या घरात भरोन ठेवीत, आणि पुरुष माणसे भिंतीवरची तसबीर उतरवोन खिळा तेवढा राहू देत.

आता शपथेची चाल सांगतो. पूर्वी या राज्यात संविधानाचे पुस्तकावर हात ठेवोन शपथ घेत असत. परंतु दर तख्तपालटास नवे पुस्तक निघू लागले, आणि कोणत्या पुस्तकाची शपथ घेतली हे शिपायास स्मरेना, तेव्हा फौजेने आपली जुनी चाल मागती धरिली ती बेलभंडाराची. बेलाचे पान आणि त्यावर खंडोबाची हळद, इतकाच तो ऐवज. दसऱ्याचे सकाळी भर दरबारात धन्याचे हातचे तबकातून सरदाराने ते उचलावे, चांदीचे डबीत घालोन वर्षभर छातीशी बाळगावे, आणि पुढील दसऱ्यास वाळले पान तबकात ठेवोन ताजे घ्यावे. ज्यास चाकरी सोडणे असेल त्याने वाळले ठेवावे, ताजे न उचलता मुजरा करोन निघावे. त्यास कोणी अडवू नये. धनी शपथ घेववीत, आपण घेत नसत, हे या चालीत आरंभापासोन होते, आणि कोणाचे ध्यानात आले नव्हते.

सुभानजीराव मनुष्य सरळ, थोडका हट्टी, बोलावयास जड. त्यांचे मातुःश्री बाळंतपणात वारल्या, तेव्हा धाकटा भाऊ हैबतराव यास सुभानजींनी आणि त्यांचे कुटुंब लाडूबाई यांनी पोटचे पोराप्रमाणे वाढविले. आपणांस मूल नव्हते, सबब सगळा जीव त्या एकावरच. हैबतराव मोठे होऊन रणगाड्यांचे पथकावर सरदार जाहले. त्या साली श्रीमंतांनी मतांच्या पेट्या न फोडता वाड्याचे तळघरात टाकिल्या, आणि लोक धान्य मागावयास बाजारवेशीवर आले तेव्हा हैबतरावांस आज्ञा केली की, गोळी घाला. हैबतरावांनी रणगाड्यांची तोंडे फिरविली आणि छावणीत माघारी आले. मग श्रीमंतांनी ते काम परमुलखातून पगारावर आणिलेल्या गारद्यांकडोन करविले. वेशीवरची फरसबंदी धुवावयास पाण्याचे बंब आणावे लागले. सुभानजीरावांनी ते स्वतः पाहिले, आणि त्यांस अन्न गोड लागेनासे जाहले.

खंडेनवमीस छावणीत शस्त्रांची पूजा जाहली. रणगाड्यांस झेंडूच्या माळा घातल्या, तोफांचे तोंडास हळदकुंकू लाविले, आणि प्रसाद वाटोन लोक पांगल्यावर हैबतराव थोरल्या बंधूंस एका रणगाड्याचे सावलीस घेऊन बसले आणि म्हणाले, "दादा, उद्या सीमोल्लंघन. रणगाडे बाहेर काढायला उद्या कुणाची परवानगी लागत नाही. शमीची पूजा झाली की वेशीबाहेर जायचं सोडून आम्ही शहराकडे वळतो. पूल ओलांडला की वाडा हाताशी आला. तुम्ही फक्त चित्रवाणीवर चार शब्द बोला. तुमचा आवाज ऐकला की एकही ठाणं हलायचं नाही, आणि रक्ताचा थेंब न सांडता पेट्या उघडता येतील."

सुभानजी म्हणाले, "ते सगळं ठीक आहे रे. सकाळचं काय?"

"सकाळचं कसलं?"

"बेलभंडार. सकाळी उचलायचा आणि दुपारी मोडायचा?"

हैबतराव हसले. "घाला डबीत आणि चला. या श्रीमंतांनी काय केलं होतं? धन्याचं पान छातीशी होतं, तरी धन्याला कोठडीत घातलंच की!"

"तेच आपण करायचं, तर त्यांना उठवून मला बसवायचं कशाला?"

हैबतरावांनी पुसले, "म्हणजे करणार काय तुम्ही?" आणि सुभानजीराव म्हणाले, "बघतो." या घराण्यात थोरल्याने बघतो म्हटले म्हणजे धाकट्याने पुढे विचारावयाचे नाही, ऐसा शिरस्ता होता. तो त्या दिवशी पाळला नसता तर बरे होते.

दसऱ्याचे सकाळी सुभानजीराव पोशाख करीत असता लाडूबाईंनी चांदीची डबी पुसोन हाती दिली, आणि त्यांचे मुद्रेवरोन ओळखले की काही वेगळे आहे. खोदोन विचारिले तेव्हा त्यांनी सांगितले की, पान माघारी देणार, मग मोकळे होऊन दुपारचे काम करणार. बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, आजच्या दिवशी तुम्ही पान परत दिलंत तर त्यांना समजणार नाही? ते काय दूधखुळे आहेत? स्वतः याच वाटेनं आलेत ते!"

"चाल आहे ती. चाकरी सोडणाऱ्याला अडवत नाहीत."

"तुम्हाला नाही अडवणार. भावजींचं काय? त्यांना तरी सांगितलंत का?"

"सांगितलं तर तो मला करू देणार नाही."

"नाही दिलं तर नाही दिलं! माझ्या मांडीवर वाढलेलं पोर आहे ते. तुमचं पान वाळलेलं आहे, त्याचं रक्त ओलं आहे." ऐसे बोलोन त्यांनी डबी मागती हिसकावोन घेतली, आणि सुभानजींनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही, आणि मग त्यांनीच रडत रडत ती परत दिली.

दरबार भरला. चित्रवाणीवाले यंत्रे लावोन उभे होते, अवघी रयत घरोघरी पाहात होती. श्रीमंतांनी तबक धरिले. सुभानजीराव पुढे जाहले, डबी उघडिली, वाळले पान तबकात ठेविले, आणि ताजे पानास हात न लाविता मुजरा केला. श्रीमंतांचे मुखावरील हसू जागचे हलले नाही. ते पुढे वाकोन, यंत्रास ऐकू न जाईल ऐसे, म्हणाले, "सुभानजी, आज का?"

"परत करायचा दिवस आजचाच असतो, साहेब."

"खरं आहे. मला हे कधी सुचलं नाही." मग बोलिले, "आज सीमोल्लंघनाला रणगाडे कोण नेतंय? धाकटे ना?"

सुभानजीरावांस खोटे बोलवेना आणि खरे सांगवेना. राजीनामा देणाऱ्यास भावाचे नाव ऐकोन घाम फुटत नाही, इतके श्रीमंतांस पुरेसे होते. त्यांनी तबक खाली ठेविले, सुभानजींस भर दरबारात मिठी मारिली, आपले अंगावरचा शेला त्यांचे खांद्यावर घातला आणि मोठ्याने म्हणाले, "आमच्या सरलष्करांनी फितुरी उघडकीस आणली! राज्य वाचवलं!" दरबारी लोकांनी टाळ्या पिटिल्या. सुभानजी काही बोलू गेले, परंतु वाजंत्र्यांस इशारत जाहली होती, आणि त्यांचे ओठ हलताना तेवढे अवघ्या मुलखाने पाहिले.

ते चित्र हैबतरावांनी शमीचे झाडाखाली हातातील यंत्रावर पाहिले. सोबतचे लोक म्हणाले, माघारी फिरू. हैबतराव म्हणाले, "आता मागे फिरलो तरी फाशी आणि पुढे गेलो तरी फाशी. पूल तरी बघू." आणि रणगाडे शहराकडे वळले. पुलावर रयत जमली होती. लेकुरवाळ्या बाया, म्हातारे, जरीच्या टोप्या घातलेली मुले, सगळे सोने लुटावयास आले होते, आणि रणगाड्यांस झेंडूच्या माळा पाहोन त्यांस वाटले की मिरवणूक आली. मग लोक आपट्याची पाने घेऊन पुढे धावले आणि रणगाड्यांवर सोने टाकू लागले. पलीकडचे तोंडास गारदी तोफा रोखोन बसले होते. पुढे जावे तर लोक चिरडतात, थांबावे तर घेरले जातो. हैबतरावांनी रणगाडा थांबविला, बाहेर आले, आणि एका म्हातारीने हाती दिलेले पान घेऊन तिचे पाया पडले. गारद्यांनी त्यांस तेथेच बांधिले.

सुभानजीरावांनी श्रीमंतांचे पायांवर पागोटे ठेविले. श्रीमंतांनी त्यांस उठविले आणि तेच तबक पुढे केले, आणि म्हणाले, "उचला. हैबतरावांचा जीव तुमच्याच हातात आहे." सुभानजींनी विचार केला नाही. उचलिला, खंडोबाचे नाव घेतले, वर्षभर इमानाने चाकरी करीन ऐसे बोलिले आणि पान डबीत घातले. मग त्यांस बंदीखान्यात भावास भेटावयाची परवानगी जाहली.

हैबतराव भिंतीस टेकोन बसले होते. म्हणाले, "दादा, एकच विचारतो. विकलंत का मला?"

"नाही रे. नुसतं पान परत दिलं."

हैबतराव हसत सुटले, आणि हसता हसता त्यांचे डोळ्यांस पाणी आले. "एवढंच? अहो, विकलं असतंत तर निदान मला तुमचा राग तरी धरता आला असता!"

"हैबत्या, तू जगतोस. मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलात. त्यांनी दिला का?"

दुसरे दिवशी बंदीखान्याचे मागील अंगास हैबतरावांस उभे करोन गोळी घातली. सुभानजीराव धावत वाड्यात गेले, तो श्रीमंत न्याहारी करीत होते. श्रीमंत म्हणाले, "बेलभंडार तुम्ही उचललात, सुभानजी. मी कुठे उचलला?" आणि दही वाढणाऱ्यास म्हणाले, "यांनाही पान मांडा."

त्यानंतर लाडूबाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. जेवावयास वाढीत, पोशाख काढोन ठेवीत, परंतु डबी मात्र पुन्हा कधी पुसली नाही, ती काळी पडली. दोस्तमंडळी सुभानजींस आडोन सुचवीत की, एक गोळी श्रीमंतांस घाला, कोणी बोल लावणार नाही. सुभानजीराव डबीवर हात ठेवीत आणि म्हणत, "दसऱ्यापर्यंत नाही." दसरा आला की पान परत देऊ, मग पाहू, इतक्या एका आशेवर ते दिवस काढू लागले. मनुष्य भाऊ गमावोन बसला, बायको असोन नसल्यासारखी जाहली, आणि एक वाळके पान तेवढे त्याने सोडले नाही. हे शहाणपण की वेड, ते लिहिणारास ठरविता येत नाही. लिहिताना जीव मात्र तुटतो.

शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभव नाम संवत्सर, श्रावण मास. गारद्यांचे जमादाराने भर दुपारी पूल धरिला, चित्रवाणीचा महाल धरिला आणि वाड्यावर चालोन आला. त्याने कोणाचा बेलभंडार उचलिला नव्हता, सबब परत करण्याचीही यातायात त्यास पडली नाही. वाड्यातील फौज बंदुका टाकोन निघोन गेली. एकटे सुभानजीराव दिंडीदरवाजात उभे राहिले. जमादार ओरडोन म्हणाला, "सरलष्कर, बाजूला व्हा! तुमच्या भावाला मारणारा आत आहे!"

"ठाऊक आहे," सुभानजी म्हणाले. "दसऱ्यानंतर आला असतास तर मीच दार उघडलं असतं."

मग ते तेथे लढले, आणि तेथेच पडले. श्रीमंत त्याआधीच मागील गच्चीवरोन उडत्या यंत्रात बसोन, वाटेने लागतील ते शेले आणि जवाहीर घेऊन, समुद्रापार गेले होते. दरवाजा राखिला तो रिकाम्या वाड्याचा. लाडूबाई आल्या, त्यांनी प्रेताचे छातीवरोन काळी डबी काढिली, उघडिली, पान चुरोन वाऱ्यावर सोडिले, आणि दीरांचे नाव घेऊन मोठ्याने रडल्या, आणि मग नवऱ्याचे नाव घेऊन रडल्या.

येणेप्रमाणे हकीकत घडली. राज्यात दोघे भाऊ होते. एकाने पान मोडिले नाही, दुसऱ्याने माणसे चिरडिली नाहीत, आणि त्यामुळे दोघेही गेले. नव्या धन्यांनी दसऱ्याची चाल पुढे चालविली आहे, तबक तेच आहे. आरंभी कोरी सोडिलेली जागा अद्याप कोरीच आहे, कारण हे लिहीत असता पुलाकडोन आवाज येत आहेत. हुजूर विदित व्हावे.