पाणी आलं तर पयले काय उचलसान?

हटवार सरांशी ओळख करून घ्यायची असेल तर एकाच प्रश्नाची तयारी ठेवा. ते तुमचं नाव विचारणार नाहीत, गाव विचारणार नाहीत, जात तर नाहीच नाही. घरात येतील, भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर बोट ठेवतील आणि म्हणतील, "इथवर पाणी आलं समजा. पयले काय उचलसान?"

लाखांदूरच्या एका लग्नात त्यांनी हा प्रश्न थेट नवरदेवाला विचारला. नवरदेव भोळा. म्हणाला, "मोटरसायकल." शेजारी नवरी बसलेली. लग्न टिकलं, पण मोटरसायकल महिन्याभरात विकावी लागली म्हणतात.

दुसरी खोड सावलीची. उन्हात उभी असलेली कोणतीही वस्तू सरांना बघवत नाही. एसटी स्टँडवर लोकांच्या मोटरसायकली ते परस्पर ढकलत सावलीत नेऊन लावतात. लाखांदूरच्या बाजारात ज्याची गाडी सापडत नाही, तो आधी हटवार सर कुठे आहेत ते विचारतो आणि मग पोलीस ठाण्याकडे वळतो. एकदा खाटेवर झोपलेल्या एका बेवड्याला सरांनी खाटेसकट कडुनिंबाखाली हलवलं. जाग आल्यावर अख्खं गाव आपल्याभोवती फिरलं असं त्याला वाटलं आणि त्याने दारू सोडली. सरांची स्वतःची जुनी मोपेड मात्र कायम उन्हात. इतरांच्या गाड्या लावून झाल्यावर सावलीत जागाच उरत नसे.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंत. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि वर माळावर नवं वसवलं, त्या नव्या गावातली. इथे रस्ते सरळ, नळ दारात, झाडं मात्र शोधावी लागतात. उन्हाळ्यात इथली कोंबडी उकडलेलंच अंडं देते. मी मराठी शिकवतो, हटवार सर विज्ञान. ते जुन्या गावातलेच. लग्न केलं नाही, माय गेली, आता घरात एकटेच.

यंदा सातवीला जागतिक तापमानवाढीचा धडा आला. पुस्तकात घाम पुसणाऱ्या पृथ्वीचं चित्र होतं. सर म्हणाले, "हे काय? पृथ्वी काय एसटीची वाट पाहून रायली?" त्यांनी पुस्तक मिटलं आणि हेडमास्तरांची कार, काचा चढवून, भर उन्हात उभी करवली. आयुष्यात त्यांनी उन्हात लावलेली ती एकुलती एक गाडी. दुपारी दार उघडून पोरांना हात आत घालायला लावला.

"ऊन काचेतून आत येते, गरमी बाहेर निंघत नाही. धुरातला वायू हवेत अशीच काच होऊन बसते. आन् ते काच आपणच वर चढवून रायलो."

पोरांना पटलं. स्टिअरिंगची जिलेबी झाली होती, असं हेडमास्तर अजून सांगतात.

दुसऱ्या दिवशी मोठी परात आली. पोरांनी कडेकडेने मातीचं गाव बसवलं: घरं, देऊळ, विहार, पानठेला. परातीत पाणी ओतलं, मधोमध विटा रचून त्यावर बर्फाची लादी ठेवली. मधल्या सुट्टीपर्यंत बर्फ वितळला, पाणी चढलं आणि पानठेला विरघळला. वर्गात शोककळा.

पायल नावाची एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "पर सर, आपल्याले काय? समुद्र तं मुंबईले आहे."

"आमच्या गावालेबी असंच वाटे," सर म्हणाले, "का धरण दूर आहे." आणि त्यांनी गृहपाठ दिला: घरात पाणी आलं असं समजा, आणि सगळ्यात मोलाचं जे असेल ते उंचावर ठेवा.

इथे घात झाला. सातवीतल्या तेजसने घरभर विचार केला आणि आपल्या आज्याला धानाच्या कोठीवर चढवून ठेवलं. उतरवायला शिडी सापडेना, कारण शेजारच्या पोरीने शिडीच मोलाची समजून ती छपरावर टाकली होती. अर्धं गाव जमलं. आज्याने वरूनच चौकशी केली, "समुद्र कोन्या बाजूनं येऊन राहिला? नागपूरकडून का गोंदियाकडून?"

"नागपूरकडून," कोणीतरी म्हणालं.

"मंग वेळ आहे. नागपूरले अडकते तो."

सगळेच हसले नाहीत. "एकडाव उठवलं आमाले," एक बाई म्हणाली, "आता मास्तर समुद्र आणून रायला." तक्रार तालुक्याला गेली. विस्तार अधिकारी मॅडम चौकशीला येणार असं कळलं. त्यांचं मत वाईट पडलं तर सरांची बदली तुमसरच्या पलीकडे ठरलेली. त्या दिवशी सरांनी डबा सोडला, पाहिला आणि पुन्हा बांधला. "एका गावाले किती खेपा सोडाव माणसानं?" एवढंच मला म्हणाले.

मॅडम स्कूटीवरून आल्या, तापलेल्या. सातवीत बसल्या; सर घाम पुसत जरा मागून आले. धडा ऐकला, परात पाहिली, तेजसकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"सर, भंडारा समुद्रापासून इतका लांब. मग मुलांना कशाला घाबरवता?"

"घाबरवत नाही मॅडम. ज्यायच्या दारात समुद्र आहे, तेबी पोरंच आहेत. घर सोडाव लागते म्हणजे काय, हे यायले समजाव ना."

मॅडमनी पेनचं टोपण काढलं. त्या फाइल उघडणार, एवढ्यात पायलने हात वर केला.

"सर, तुमी काय उचललं होतं?"

जिल्हाभर तो प्रश्न वाटत फिरलेल्या माणसाला तो कोणी परत केलाच नव्हता. सरांनी खडू खाली ठेवला. हात पुसले, पुन्हा पुसले.

"सगळंच उचललं. छपराचे कवेलू काढले, चौकट काढली, मायचं जातं काढलं. ट्रॅक्टर भरला, मायले वर बसवलं. आंगणात चिचेचं झाड होतं. माय म्हणे, याची सावली नाही घेतली का रे? मी हासलो."

वर्ग चिडीचूप. पंखा तर पावसाळ्यापासूनच चिडीचूप होता.

"मंग इथं आलो. टिनाचा शेड होता. माय दिवसभर खाट सरकवत राहे, शेडाच्या सावलीमागं. सकाळी इकडं, दुपारी तिकडं. शेवटपर्यंत सरकवे."

मॅडमनी फाइल न उघडताच बगलेत घेतली. "चालू द्या तुमचा वर्ग," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. क्षणात परत आल्या. "माझी स्कूटी कोणी नेली?"

ती शाळेच्या स्वयंपाकखोलीमागे, कडुनिंबाखाली सापडली. बदलीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

पण खरी चोरी दुसऱ्या दिवशी झाली. दुपारी सर घाबरेघुबरे माझ्या वर्गात आले. "माझी मोपेड गेली." ती मोपेड चोराला पैसे देऊनही नेता आली नसती, हे मी त्यांना सांगितलं, तरी ऐकेनात. आम्ही फाटक पाहिलं, रस्ता पाहिला. सातवीचा अख्खा वर्ग खिडकीत इतक्या साळसूद चेहऱ्याने उभा होता की मला तिथेच संशय आला.

स्वयंपाकखोलीमागे गेलो. हेडमास्तरांची कार, माझी मोटरसायकल, सगळ्यांच्या गाड्या उन्हात काढलेल्या. आणि कडुनिंबाच्या बुंध्याला लागून, सगळ्यात दाट सावलीत, एकटी सरांची मोपेड.

सरांनी सीटवर एक हात ठेवला. मग दुसरा ठेवला.

"सर, घंटा झाली," मी म्हणालो.

"होऊ द्या," ते म्हणाले. "सीट थंड आहे."