बन्सीमामांच्या घडीच्या सायकली

उभा जन्म मालगाड्या हाकलेल्या माणसाला साधी सायकल पारखता येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर दौंडच्या बन्सीमामांनी त्याला जागच्या जागी सोलून काढलं असतं! "आरं, इंजिनाचं धूड हाकलंय ह्या हातांनी! सायकल म्हंजी काय? दोन चाकं आन् एक घंटी!"

रेल्वेतून निवृत्त झाल्याबरोबर मामांनी लिलावातला जुना मिलिटरी ट्रक घेतला होता. त्यावर फळ्यांची खोली उठवली, खोलीत पलंग ठोकला, स्टोव्हला जागा केली आणि जाहीर केलं, की आता घर पाठीवर घेऊनच हिंडायचं. पहिला मुक्काम हर्णैच्या समुद्रावर. त्यांच्या बायकोनं, भागुबाईंनी, समुद्र पाहिलाच नव्हता. लग्न झाल्यापासून मामा "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायचे, आणि दर वर्षी एखादी मालगाडी आडवी यायची. त्यामुळे ट्रक बघून भागुबाई हरखल्या होत्या. फक्त एक शंका त्यांनी काढली.

"अवो, आन् कोथिंबीर आणायची झाली म्हंजी? समदं घर घिऊन बाजारात जायचं व्हय?"

बायकोपुढं निरुत्तर होणं मामांच्या पिंडात नव्हतं, म्हणून त्यांनी दोन दिवस शोध घेतला आणि उत्तर आणलं. घडीच्या सायकली! पलंगाखाली सरकवायच्या, मुक्कामाला उलगडायच्या. शिरूरच्या सायकलवाल्या आनंदरावांनी मुंबईहून अशा सायकली मागवल्याचं कळताच मामांनी एसटी धरली.

दुकानात शिरल्याबरोबर त्यांनी खिशातून हातोडी काढली आणि रेल्वेत डब्यांची चाकं ठोकून बघतात तशी सायकलची चाकं ठोकायला सुरुवात केली. आनंदराव कळवळून ओरडले.

"मामा, पोचा पडंल! आन् आधी ऐका, ही मधली खिट्टी नीट बसवल्याबिगर—"

"मला शिकवता? मला?"

मामा टांग मारून रस्त्यावर. बाजाराचा दिवस होता. पन्नास पावलं सायकल गुणी बाळासारखी चालली, आणि कांद्याच्या ढिगासमोर येताच स्वतःहून घडी घालू लागली! पुढचं चाक मामांना भेटायला मागं आलं, मागचं चाक पुढं निघालं, आणि मामा कांद्यांवर बसले.

"सायकल तुटली! म्हातारा गेला!" बाजारभर एकच गिल्ला झाला.

"कोण गेला? आं? कोण म्हणतंय गेला?" मामा धोतराला लागलेली कांद्याची सालं झटकत कडाडले. आनंदराव धावत आले, त्यांनी हात दिला आणि जीभ घसरू दिली. "मामा, ही न्हाई जमायची तुम्हाला. साधी घ्या."

"जमायची न्हाई? बांधा दोन! ह्याच!"

अशी निवड झाली. स्टँडवर कंडक्टरनं दोन्ही गाठोड्यांकडं बघितलं आणि म्हणाला, "भंगार टपावर चालणार न्हाई." मामांनी त्याला घडी म्हणजे काय ते इतकं सविस्तर समजावलं की गाडी निघून गेली. बाजारात ज्यांनी मामांना पडताना पाहिलं होतं, ते सगळे त्याच गाडीत होते. म्हणजे बातमी पहिल्या गाडीनं दौंडला गेली आणि मामा दुसऱ्या गाडीनं.

घरी पोचले तर अंगणात ही गर्दी! शेजारच्या सोजरबाईंनी गळा काढला होता. शिरूरला सायकल दुभंगली, हे दौंडला येईपर्यंत मामा दुभंगले, असं झालं होतं. मामांना सबंध पाहून भागुबाई रडू लागल्या. सोजरबाईंनी मात्र मामांना चहूबाजूंनी निरखलं.

"उभं ऱ्हातंय खरं. पर मुका मार हाय. मुका मार दिसत न्हाई."

"मला काय बी झालेलं न्हाई!" मामा किंचाळले.

"बघा की. डोक्याला लागलं की माणूस असंच वराडतं." आणि मामा आणखी ओरडण्याच्या आत त्यांच्या कपाळाला हळदीची पट्टी बांधली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून समाचाराला माणसं सुरू झाली. "जयभीम मामा, कसं वाटतंय?" म्हणत एकेक आत येई. आणि समाचाराला रिकाम्या हातानं कोण येतं? कुणी बिस्किटाचे पुडे आणले, कुणी शहाळी. राहू गावच्या पाहुण्यांनी तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गुळाची ढेप, हाडं जुळायला गावठी अंडी, वांगी, मिरच्या, कोथिंबिरीच्या जुड्या उतरवल्या. मामा प्रत्येकाला कांद्यांपासून सगळी हकिकत सांगत होते, आणि प्रत्येक जण भागुबाईंना बाजूला घेऊन विचारत होता, "डाक्टर काय म्हणतोय?"

त्याच ट्रॉलीतून भागुबाईंचा भाचा म्हाळू आला होता. राहूला नांगर-ट्रॉल्या वेल्डिंग करणारा, हाताचा पक्का आणि मनाचा मऊ. त्यानं ओसरीत दुमडून ठेवलेल्या दोन सायकली पाहिल्या आणि त्याला भडभडून आलं. मामा ज्यांच्यापायी पडले, त्या सायकली अशा मोडून पडलेल्या! कुणाला न बोलता त्यानं त्या उचलल्या आणि गावातल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेल्या. दुपारी घामाघूम होऊन परतला.

"मामा, दोन्ही सांधल्या! आतनं नांगराची पट्टी घातलीया. आता हत्ती बसला तरी लवायची न्हाई!"

मामांनी सायकल हलवली. दाबली. तिच्यावर गुडघा देऊन पाहिलं. सायकल खरंच लवत नव्हती.

"आरं गाढवा, ती मोडलेली नव्हती! ती दुकानातनंच तशी मोडकी आणली होती!"

म्हाळू डोळे पुसत आत्याला म्हणाला, "मार लईच बसलाय गं."

मामांनी पट्टी उपटून भिरकावली आणि पलंगावर अंग टाकलं. अशा ताठ सायकली ट्रकवरच्या खोलीत मावणं शक्य नव्हतं. "रद्द! समुद्र रद्द! ज्या देशात घडीची सायकल ठेवता येत न्हाई, तिथं समुद्र बघायचाच कशाला?"

आता मात्र भागुबाई चिडल्या. आयुष्यभर मालगाड्यांनी अडवलं, आणि आता सायकली! त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सायकली कशाला पायजे हुत्या?"

"कोथिंबिरीला."

"मग ओसरीत बघा जरा. महिनाभर बाजार करायला नगो. उद्या सकाळी निघायचं."

मामा टुणकन उठले. असा साधा विचार आपल्याला सुचला नाही याचा त्यांना राग आला, पण तो त्यांनी गिळला. "मी गाडीत तेल-पाणी बघतो."

"आडवं व्हा!" भागुबाईंनी पट्टी उचलून पुन्हा त्यांच्या कपाळाला बांधली. "लोकांनी हे दुखणेकऱ्यासाठी आणलंय. तुम्ही टुणटुणीत स्टेरिंगवर बसलेलं दिसलात, तर तोंड कुठं दावायचं? गावाभाईर पडूस्तवर आत पडून ऱ्हावा. गाडी म्हाळू हाकंल."

सकाळी निम्मी आळी निरोपाला लोटली. हवापालट केल्यानं डोकं ताळ्यावर येईल यावर सगळ्यांचं एकमत होतं. भागुबाई पुढं बसल्या. म्हाळूनं ट्रॅक्टर उचलावा तसा ट्रक उचलला, गिअर कर्र करून रडला, आणि मागच्या फळ्यांतून मामांचा टाहो आला, "क्लच! आरं मेल्या, क्लच दाब!"

सोजरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "ऐकलं का? कसलं कण्हतंय बिचारं!"

गाव मागं पडलं. आतून आता दोन्ही मुठींनी फळ्या बडवल्या जात होत्या. म्हाळूनं पाय काढला. "आत्या, थांबू का? मामा बोलावत्यात."

भागुबाईंनी काचेतून पुढच्या मोकळ्या रस्त्याकडं पाहिलं.

"समुद्र दिसूस्तवर थांबू नगंस."