धोटेभाऊ आणि गुलाबी बंगला

रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, मिशीला तेल लावून धोटेभाऊ नागपूरची बस पकडत, ते लोकांची घरं पाहायला. ओळखीच्यांची नव्हे. परक्यांची, आणि तीही रस्त्यावरून.

आम्ही दोघे कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला आणि वसाहतीत शेजारी. ते बॉयलरवर, मी स्टोअरमध्ये. आमच्या सगळ्या क्वार्टरांचा रंग एकच. तो सरकारने दिला होता की चिमणीच्या राखेने, हे कोणालाच आठवत नव्हतं. दोरीवरचं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत भुरकं होई. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले इंग्रजांच्या वेळचे बंगले मात्र धोटेभाऊंना तोंडपाठ होते. कोणाच्या छपराला लाकडी झालर आहे, कोणाच्या व्हरांड्यात रंगीत काचा, कोणी यंदा पिस्ता रंग काढून मोतिया लावला. सोमवारी डबा उघडला की मला सगळं ऐकावं लागे. "का रंग आहे गा! पाहून मानूस जेवन विसरते!" असं म्हणत ते माझ्या डब्यातली भाजी आठवणीने संपवत.

भीड त्यांना ठाऊक नव्हती. एकदा एका गुलाबी बंगल्यासमोर ते इतका वेळ उभे राहिले की मालक, एक म्हातारे वकील, काठी घेऊनच बाहेर आले.

"कोण पाहिजे?"

"कोनी नाई. खिडक्याइले निळा काहून देला? घर आजारी दिसून राहिलं ना! हिरवा द्या."

काठी पाठीत बसली नाही, हे नशीब. पण पुढच्या दिवाळीला खिडक्या खरोखरच हिरव्या झाल्या. त्यानंतर बरेच दिवस वसाहतीत धोटेभाऊ छाती काढून फिरत होते.

वकिलांनाही या माणसाची गंमत वाटली असावी. वरची खोली रिकामी झाली तेव्हा त्यांनी ती धोटेभाऊंनाच देऊ केली. मग काय विचारता! वसाहतीने हार घातला, माझ्या बायकोने कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या. धोटेभाऊ वळकटी घेऊन बसमध्ये बसले ते लग्नाला निघाल्याच्या थाटात.

महिनाही झाला नसेल. एका संध्याकाळी भाऊ वळकटीसकट आमच्या दारात. क्वार्टर अजून त्यांच्याच नावावर होतं.

"काय झालं, भाऊ?"

"आत बसलं का घर दिसतच नाई गा! खिडकीतून दिसते समोरच्या गोदामाची भिंत. माहाच बंगला पाहाले मले रोज फाटकाबाहेर उभं राहा लागे. लोक पुसत, भाडेकरू आहे का चौकीदार?"

आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले. मग बायकोने दिलेल्या चहाची बशी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"वहिनी, खरं सांगू का? हे घर पाहनं मंजुळासाठी चालू केलं होतं."

मंजुळा म्हणजे त्यांची बायको. आम्ही वसाहतीत येण्याआधीच ती गेली होती.

"अंथरुनाले खिळली होती ना ते. मले म्हने, मले नाई जाता येत, तुमी पाहून या आन् सांगा. मी सांगो. ते म्हने, गुलाबी घेऊ. मी म्हनो, घेऊ. ते गेली, मंग तुमाले सांगू लागलो. आता गुलाबी भेटला. पन संध्याकाळी दार उघडलं का सांगाले कोनी नाई."

बायकोने पदराने डोळे पुसले आणि ठणकावून म्हणाली, "भाऊ, या रविवारी आमी दोघंही येऊन राहिलो तुमच्यासंगं घरं पाहाले."

धोटेभाऊ ताडकन उठले.

"मंग पहिली बस! उशीर नाई चालनार. कोपऱ्यावरचा पिवळा बंगला कोवळ्या उन्हातच पाहा लागते." जरा थांबून म्हणाले, "मंजुळाले सगळ्यात पहिले मी तोच सांगतला होता."