पोट आत, श्वास बाहेर

त्या सकाळी दाढी आधी करावी की अंघोळ, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. मी अंघोळ आधी केली. एरवी मी निर्णय घेत नाही (घरात त्यासाठी वेगळी व्यक्ती आहे), आणि का घेत नाही ते पुढे कळेलच.

मी विमा कंपनीच्या दावे विभागात कारकून आहे. लोकांच्या गाड्या ठोकल्या जातात, छपरं उडतात, आणि ते सगळं आमच्या नियमात कसं बसत नाही हे मी त्यांना नम्रपणे कळवतो. माझी बायको प्राणायाम शिकवते. म्हणजे अलीकडे शिकवायला लागली. त्याआधी ती स्वतः शिकत होती आणि शिकलेलं संध्याकाळी माझ्यावर करून बघत होती. "श्वासाकडे नुसतं लक्ष द्या," असं ती म्हणायची. मी लक्ष दिलं की श्वास लाजायचा. इतकी वर्षं बिनतक्रार ये-जा करणारा तो, कुणीतरी बघतंय म्हटल्यावर दारातच अडून बसायचा. डाव्या नाकपुडीने घ्या, उजवीने सोडा, असं सांगितलं की मी बोटांच्या गोंधळात दोन्ही नाकपुड्या बंद करून तिच्याकडे मदतीच्या आशेने बघत राहायचो. शेवटी "तुमच्या फुप्फुसांना वळणच नाही," असं म्हणून तिने माझा नाद सोडला आणि आमच्याच हॉलमध्ये सकाळचा वर्ग काढला.

वर्ग चांगला चालला. पण सुरुवातीलाच दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मॅडम, याने पोट खरंच उतरतं का हो?"

अशा प्रश्नाला "नियमित केलं तर" असं मोघम उत्तर देऊन सुटता येतं. पण बायको उत्साहाच्या भरात बोलून गेली, "आमच्या ह्यांचंच बघा ना! पोट अगदी पाठीला लागलंय. लोक त्यांना माझा धाकटा भाऊ समजतात!"

मी तेव्हा बेडरूममध्ये दाराआड पांघरुणात होतो. हे ऐकून कुतूहलाने उठलो आणि आरशात बघितलं. धाकटा भाऊ काही दिसला नाही. (पोट दिसलं. आरशात ते माझ्या आधी पोचतं.)

वर्ग सुटल्यावर ती आत आली. "अहो, तोंडातून निघून गेलं हो. आता बोलून चुकलेय. सगळे तुमच्यावर विश्वास ठेवून येतायत. तेवढं वर्गाच्या वेळात कुणाच्या नजरेस पडू नका, म्हणजे झालं."

नवऱ्याच्या कीर्तीवर बायकोचा वर्ग चालावा, आणि त्या बदल्यात नवऱ्याने फक्त दिसू नये, ही अट मला मुळीच जाचक वाटली नाही. वर्ग भरला की मी बेडरूमला आतून कडी लावायचो आणि साधकांचे श्वास मोजता मोजता पुन्हा झोपायचो.

त्या सकाळी मात्र नको तेव्हा जाग आली आणि नको तो निर्णय घेऊन मी बाथरूममध्ये शिरलो. आमच्या घरात हॉलच्या एका टोकाला बेडरूम आहे आणि दुसऱ्या टोकाला बाथरूम. (ज्याने ही आखणी केली त्याचं भलं होवो. तो स्वतः बहुधा अंघोळ करत नसावा.) मी मनसोक्त पाणी ओतलं, मनातल्या मनात मनसोक्त गायलो, टॉवेल गुंडाळला, दार उघडलं आणि तसंच मिटलं.

हॉल माणसांनी भरला होता.

मग आठवलं. आदल्या दिवशी चहा ओतताना बायको म्हणाली होती, "उद्या वर्ग अर्धा तास आधी आहे हं." त्यावर मी "हं" म्हटलं होतं. आता माझं "हं" ही फक्त पोच असते. ती संमती नसते, आणि मजकूर कळल्याची खूण तर मुळीच नसते. हे इतक्या वर्षांत तिला कळायला नको?

मी दार किलकिलं केलं. सगळे डोळे मिटून नाकाने फुसफुस करत होते. पहिल्या रांगेतल्या एका माणसाची फुसफुस बाकीच्यांहून वेगळी होती. ती ऐकताच मी टॉवेलाची गाठ आणखी घट्ट आवळली. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. ते आमचे साहेब होते!

ऑफिसात आम्ही त्यांना 'इंजिन' म्हणतो. रागावले की ते बोलत नाहीत, नुसती नाकातून हवा सोडतात, आणि समोरच्या फायलीची पानं उडतात. घरीसुद्धा मी त्यांचा उल्लेख 'इंजिन' असाच करत आल्यामुळे, आपल्या वर्गात इंजिन दाखल झालंय याचा बायकोला पत्ताच नव्हता. उलट ती कौतुकाने म्हणत होती, "सगळ्यांनी या सरांचा उच्छ्वास ऐका! काय जोर आहे! किती वर्षांची साधना असेल ही!"

(बऱ्याच वर्षांची. ती त्यांनी आमच्यावर केली होती.)

तेवढ्यात बायकोची नजर माझ्याकडे गेली. तिने भुवईने विचारलं, "तुम्ही तिथे काय करताय?" मी भुवईने म्हटलं, "कपडे पलीकडे आहेत." ती जरा विचारात पडली आणि मग मधाळ आवाजात म्हणाली, "आता आपण भ्रामरी करू या. अंगठ्यांनी कान बंद. बोटं डोळ्यांवर. आणि भुंग्यासारखा लांब गुंजारव. मी सांगेपर्यंत कुणीही डोळे उघडायचे नाहीत. कुणीही!"

कान बंद, डोळे बंद! काय डोकं आहे! अशा वेळी बायकोबद्दल मला फार अभिमान वाटतो. हॉलभर भुंगे घुमू लागले. मी टॉवेलाची गाठ मुठीत धरून चवड्यांवर निघालो. डॉक्टरीणबाई ओलांडल्या. साहेबांच्या मागून सरकलो. अर्धा हॉल पार झाला आणि माझ्या ओल्या केसांतून एक थेंब साहेबांच्या शेजारच्या आजोबांच्या टकलावर पडला.

"छत गळतंय!" आजोबा ओरडले.

भुंगे थांबले. सगळ्यांनी डोळे उघडले. शेजारी एक चटई रिकामी होती, तिच्यावर मी बदकन बसलो, कानात अंगठे घातले आणि माझ्या परीने सर्वांत मोठ्याने गुंजारव सुरू केला.

"हे कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नवीन साधक आहेत," बायको म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. (प्राणायामाचा फायदा होतो, हे मला त्या क्षणी पटलं.)

"पण हे असे... टॉवेलात?"

"अंगावर कपडे जितके कमी, तितका श्वास मोकळा. काहींना एकदम उत्साह येतो."

साहेब माझ्याकडे निरखून बघत होते. "अहो, तुम्ही आमच्या दावे विभागातले ना?"

"होय सर."

"ऑफिसात तर तुम्ही मफलर गुंडाळून बसता!"

"तिथे साधना नसते सर."

साहेबांनी चक्क मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. बायकोही घाईने म्हणाली, "चला, आज इथेच थांबू."

"मॅडम," साहेब म्हणाले, "आज उड्डियान बंध शिकवणार होतात ना? त्यासाठी तर मी पहाटे उठून आलो. तुमच्या यजमानांचं पोट त्यानेच गेलं म्हणे."

उड्डियान बंध म्हणजे काय, हे मला संध्याकाळच्या छळामुळे माहीत होतं. श्वास संपूर्ण बाहेर सोडायचा आणि पोट आत, पार पाठीकडे खेचायचं. एरवी मला ते जमत नाही. पण आज ते न जमण्यावर माझी अब्रू अवलंबून होती, कारण बसण्याच्या धांदलीत टॉवेलाची गाठ सुटली होती आणि तो केवळ माझ्या पोटाच्या घेरावर तग धरून होता. पोट आत गेलं, की टॉवेल गेला.

"श्वास बाहेर सोडा... पोट आत!" बायको म्हणाली. तोंडाने सर्वांना "आत" म्हणताना डोळ्यांनी ती मला "खबरदार!" म्हणत होती.

सगळ्यांची पोटं आत गेली. मी जिवाच्या आकांताने माझं बाहेर ढकललं. ते इतकं फुगलं की मलाच त्याचा दरारा वाटला.

"अहो, उलट करताय तुम्ही!" साहेब म्हणाले. "आत घ्यायचं, आत!"

"येत नाही सर!"

"न यायला काय झालं? ऑफिसातही तुमचं हेच. आधी 'येत नाही' म्हणायचं!" ते सरकत माझ्याजवळ आले. "थांबा, मी दाखवतो." आणि माणसाने दाराची घंटा दाबावी तसं त्यांनी माझं पोट दाबलं.

हवा गेली. टॉवेलाने माझी साथ सोडली. मी क्षणाचाही विलंब न लावता पालथा पडलो.

"वा!" बायको टाळी वाजवून ओरडली. "यांनी न सांगता मकरासन घेतलं! सगळ्यांनी तसंच पालथं व्हा. कपाळ हातावर टेका. डोळे गच्च मिटा. साहेब, तुम्हीसुद्धा!"

सगळे पालथे झाले. मी चटईची कड धरली, गुंडाळी करत स्वतःला तिच्यात लपेटलं आणि लोळत लोळत थेट बेडरूम गाठली. आत शिरून कडी लावली. शर्ट-पँट चढवली. सुटकेचा निःश्वास सोडला. (आयुष्यातला माझा पहिला बिनचूक रेचक तोच.) दाराच्या मुठीला हात घातला आणि थबकलो.

दावे विभागातला कारकून प्राणायामाच्या मॅडमच्या बेडरूममधून शर्टाची बटणं लावत बाहेर पडला, तर साहेब काय समजतील?

आमचं घर तळमजल्यावर आहे म्हणून निभावलं. मी खिडकीतून उतरलो, इमारतीला वळसा घातला आणि स्वतःच्या घराची बेल वाजवली. बायकोने दार उघडलं. नवऱ्याला आणि परक्याला एकच "अहो" चालतं, त्याबद्दल मी मराठी भाषेचा फार ऋणी आहे. "अहो, कुठे गेला होतात मध्येच?" ती म्हणाली.

"कपडे स्कूटरवर ठेवले होते," मी सांगितलं. साहेबांना ते पटलं, हीच त्यातली काळजीची गोष्ट.

तेव्हापासून मला वर्ग चुकवता येत नाही, कारण ऑफिसात साहेब विचारतात. रोज सकाळी मी अंघोळ करून खिडकीतून उतरतो, वळसा घालतो, बेल वाजवतो आणि बायको मला सांगते, "या, चपला बाहेर काढा." काल खिडकीत शर्ट अडकला आणि मला उशीर झाला. तिने दार फटीएवढं उघडलं. "वर्ग सुरू झालाय. उद्या या," असं म्हणून ते लावूनही घेतलं. मी आपल्याच घराच्या पायरीवर उपाशी बसून राहिलो.

वर्ग सुटल्यावर साहेब बाहेर आले. मला बघून थांबले आणि चक्क शेजारी टेकले.

"वाईट वाटून घेऊ नका," ते हळुवारपणे म्हणाले. "मी मुद्दाम मॅडमशी तुमच्याबद्दल बोललो. म्हटलं, आमचा हा माणूस सुधारेल का?"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सुधारायची आशा नाही. पण असा एक जण वर्गात असला की बाकीच्यांना धीर येतो." साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तेव्हा रोज येत जा. आम्हाला तुमची गरज आहे."

माझी गरज आहे असं साहेब मला म्हणाले, ते इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच.